पाणी पुसलं का?

प्रयोगशाळेत कोणी नवीन कामाला लागलं, की पहिल्याच आठवड्यात त्याच्या डोक्यात दोन गोष्टी पक्क्या बसायच्या. एक, फॉर्मलिनच्या बादलीवर वाकून श्वास घ्यायचा नाही. आणि दुसरी, आत्याचा प्रश्न: "पाणी पुसलं का?" पहिली गोष्ट न ऐकणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायचं. दुसरी न ऐकणाऱ्याच्याही यायचं, कारण आत्याची जीभ तिच्या यंत्राच्या पातीपेक्षा काही बोथट नव्हती.

पाणी ही काय पुसायची वस्तू आहे, म्हणून नवी मंडळी तिच्यामागे हसायची. काम पाहिलं की हसू जिरायचं. मेंदूच्या आजाराने गेलेल्या माणसांचे मेंदू तिथे यायचे. तळाला टेकून चपटे होऊ नयेत म्हणून ते तीन आठवडे बादलीत दोऱ्याला टांगून ठेवायचे. मग सर, म्हणजे तिथले मुख्य डॉक्टर, त्यांच्या चकत्या करून हव्या त्या जागेचे काडेपेटीपेक्षा लहान तुकडे काढायचे. तुकडा मेणात बसवला की त्याचा ठोकळा तयार झाला, आणि तिथून पुढे आत्याचं राज्य. ठोकळा बर्फावर गार करायचा, यंत्राला लावायचा, चाक फिरवायचं. पातीवरून मेणाचे पापुद्रे एकाला एक चिकटून फितीसारखे बाहेर पडायचे. एकेक पापुद्रा केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. ती फीत ब्रशाने उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की खालून काच घालून अलगद उचलायची. आणि पुढचा ठोकळा हातात घेण्याआधी पाण्यावरून टिपकागद फिरवायचा. आधीच्या माणसाचा एखादा पापुद्रा तरंगत राहिला, तर तो पुढच्याच्या काचेवर जाऊन बसतो आणि एकाचा आजार दुसऱ्याच्या नंबरावर लागतो. गेलेल्याला त्याचं काय म्हणा. पण त्याच्या मागे उरलेल्यांना कळवायचं असतं.

एकतीस वर्षांत आत्याच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं. ती हे स्वतःच सांगायची, आणि दिवसातून दोनदा सांगायची. नम्रपणा वगैरे तिला कधी परवडला नाही. लग्न केलं नाही, बढती मागितली नाही, सरांच्या आधीचे दोन मुख्य डॉक्टर तिच्या डोळ्यांदेखत येऊन निवृत्त झाले. शेजारच्या खोलीत काचांना रंग चढवणारा एक जाडजूड माणूस होता, त्याला सगळे रंगारी म्हणत. तो म्हणायचा, "आत्या, तुम्ही गेलात की तुमचाही हात ठेवून घेऊ आपण बरणीत."

"आधी तुझी जीभ ठेव," आत्या म्हणायची.

आत्या हे नाव तिला तिच्या भाचीने दिलं, आणि तेही फाटकाबाहेरून. भाची पाच वर्षांची असताना बसच्या खिडकीतून तिने "आत्याऽऽ" अशी काही हाक मारली, की तीन मजल्यांच्या खिडक्या उघडल्या. त्या दिवसापासून शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांची ती आत्या झाली.

ती बस तिच्या दादाची होती. म्हणजे मालकीची नव्हे, पण दादा तसंच बोलायचा. त्याच रस्त्यावर तो पंचवीसएक वर्षं बस चालवत होता. आत्याच्या नोकरीच्या पहिल्या दिवशी थांबा नसताना त्याने प्रयोगशाळेच्या फाटकासमोर बस उभी केली, आणि तिला उतरवून दोनदा हॉर्न वाजवला. पुढे ती स्वतःची लवकर यायला लागली, तरी आठ वाजून दहा मिनिटांनी तो फाटकासमोरून जाताना दोनदा हॉर्न वाजवायचाच. आत्या चाकावरचा हात न काढता म्हणायची, "गेला आमचा येडा." हॉर्न ऐकल्याशिवाय ती दुसरा ठोकळा लावत नसे, हे फक्त रंगाऱ्याला ठाऊक होतं.

मग एक दिवस हॉर्न वाजला नाही. आठवडाभर वाजला नाही. पुन्हा सुरू झाला तो फाटकाच्या बराच पुढे, लाकडाच्या वखारीपाशी वाजायचा. आत्याला वाटलं, दादा रुसला. तिने दोन महिने त्याला फोन केला नाही, का तर त्याने आधी करावा म्हणून. दिवसभर मेंदू कापणाऱ्या बाईला सख्ख्या भावाच्या मेंदूत काय चाललंय याची गंधवार्ता नव्हती. हे तिने स्वतःला कधीच माफ केलं नाही, आणि करू नये असंच तिला वाटायचं.

पुढे एका दुपारी दादाने भरलेली बस आपला रस्ता सोडून भलत्याच गल्लीत घातली, एका शाळेच्या फाटकासमोर उभी केली आणि दार उघडून शांत बसून राहिला. लोकांनी आरडाओरडा केला तेव्हा म्हणाला, "पोरगी येऊ दे, मग निघू." पोरगी शाळा सोडून सात वर्षं झाली होती. दादा तेव्हा बावन्न वर्षांचा होता.

त्याच्या डॉक्टरांचे दोन अंदाज होते. एक आजार असा, की तो ज्याचा त्याच्यापाशी संपतो. दुसरा रक्तातून खाली उतरणारा, बापाकडून मुलांकडे, निम्म्या मुलांना. वरवर दोन्ही सारखेच दिसतात. कुठला ते मेंदूतल्या पेशी बघितल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, आणि पुढे रक्त तपासायचं तर त्यात काय शोधायचं तेही त्यावरच ठरणार. आत्याचे आणि दादाचे वडील चोपन्नाव्या वर्षी गेले होते, शेवटची दोन वर्षं घरच्यांना ओळखत नव्हते. पिऊन पिऊन डोकं गेलं, असं गावभर झालं होतं. ते प्यायचे खरे, पण इतके नाही.

मेंदू देण्याचा कागद दादाने स्वतः सही करून दिला. एका बऱ्या दिवशी, वहिनी शेजारी बसलेली असताना तो आत्याला म्हणाला, "तू काप. दुसऱ्या कोणाला देऊ नकोस. तू चांगली कापतेस म्हणे."

"गप रे."

"आणि काही सापडलं तर आधी मला सांग. मागून कळलेलं मला चालत नाही."

वहिनी हसता हसता रडली. त्यानंतर दादा सात वर्षं जगला, आणि त्यातली पाच जगला म्हणायचं कशाला, असा प्रश्न पडावा अशी होती. तो बायकोला चोर म्हणायचा. शर्टाची बटणं तोडून चघळायचा. शेवटी शेवटी बोलणंच गेलं, तेव्हा जेवणाचं रिकामं ताट दोन्ही हातांत धरून वळवत बसायचा, आणि कोणी ते काढून घेतलं तर गुरासारखा ओरडायचा. भाची रोज संध्याकाळी येऊन त्याचं अंग पुसायची. तिचं लग्न होऊन चार वर्षं झाली होती. मुलाचं कोणी विचारलं की ती म्हणायची, "बाबांचा रिपोर्ट येऊ दे." बाप जिवंत असताना त्याचा रिपोर्ट येणार नव्हता, हे विचारणाऱ्यांना माहीत नसायचं. तिला होतं, आणि आपण कशाची वाट बघतोय हे कळून ती बापाची पाठ आणखी जोरात पुसायची.

दादा गेला तेव्हा तो एकोणसाठचा होता. त्याचा मेंदू बादलीत टांगला गेला, वर फक्त नंबर. नातेवाइकाने काम करू नये असा नियम होता. सर म्हणाले, "आत्या, हा एक रंगाऱ्याला कापू द्या."

"त्याला? तो जाड कापतो."

"आत्या."

"सर, मी शब्द दिलाय," ती म्हणाली. सर तसे कमी बोलणारे, त्यांनी पुढे वाद घातला नाही.

सगळे ठोकळे तयार व्हायला वेळ होता, पण आठवणी जिथे साठतात त्या भागाचा ठोकळा सरांनी आधी करून घेतला. सकाळी आठ वाजता आत्या यंत्रापाशी बसली. आधी तिने म्हातारा कापला. म्हातारा म्हणजे वीस वर्षांपूर्वी आलेला एक मेंदू, ज्याच्या घरात तीन पिढ्या हा रक्तातला आजार होता. काचांना चांदीचा रंग चढवताना दर वेळी म्हाताऱ्याचीही एक काच सोबत ठेवायची. त्याच्यात आजार काळा उठून दिसला, म्हणजे रंग बरोबर लागला. भागही तोच, आठवणींचाच, आणि तो सगळ्यांचा एकाच घाटाचा असतो. पाण्यावर तरंगणारा पापुद्रा म्हाताऱ्याचा की आणखी कोणाचा, हे नुसत्या डोळ्यांनी देवालाही सांगता आलं नसतं.

म्हाताऱ्याची फीत तिने पाण्यावर सोडली, काचेवर घेतली. मग दादाचा ठोकळा लावला. मेण कोरडं पडलं की पापुद्रा चुरगळतो, म्हणून ठोकळ्यावर तोंडाने हळूच वाफ सोडतात, आरसा पुसताना सोडतो तशी. आत्याने वाफ सोडली. इतक्या जवळून तिने दादाला लहानपणी तापात असतानाच पाहिलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात आठ वाजून दहा मिनिटं झाली होती, रस्त्यावरून कुठली तरी बस गेली. तिने चाक फिरवलं.

आठ दिवसांनी सरांनी तिला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि खुर्ची पुढे केली. एकतीस वर्षांत त्या खोलीत तिला कोणी बस म्हटलं नव्हतं.

"रक्तातला आहे," सर म्हणाले. "पेशी न् पेशी भरलीय. बाकीचे ठोकळे बघेनच, पण मला शंका वाटत नाही."

आत्याने मान डोलावली. उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"सर, मी पाणी पुसलं नव्हतं."

"काय?"

"म्हाताऱ्यानंतर. पुसलं असं मला आठवत नाही. म्हाताऱ्याची फीत सोडल्याचं आठवतं, उचलल्याचं आठवतं. दादावर वाफ सोडली ते आठवतं. मधलं काहीच नाही. माझं लक्ष नव्हतं, सर. काचेवर आलाय तो म्हातारा असेल."

सर चष्मा काढून तिच्याकडे बघत राहिले. "तुम्ही? पाणी?"

"माणूसच आहे मी," आत्या म्हणाली, आणि हे वाक्य तिच्या तोंडून प्रयोगशाळेने प्रथमच ऐकलं.

ती धावत आपल्या जागेवर गेली आणि पायाशी असलेल्या टिपकागदांच्या डब्यात डोकावली. डबा रोज रिकामा होतो, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? तरी ती डोकावली. रंगाऱ्याला कळलं तेव्हा त्याने फक्त चहा आणून ठेवला. आणि खोटं कशाला बोला, आत्याला आनंद झाला होता. जिच्यासाठी आयुष्यभर लोकांना घालूनपाडून बोलली, ती चूक आपल्या हातून झालेली असावी, मोठी, ढळढळीत, निवृत्तीच्या तोंडावर अब्रू घालवणारी चूक झालेली असावी, म्हणून ती देवाला हात जोडत होती.

आणि तिथेच तिने करायला नको होतं ते केलं. ठोकळा पुन्हा कापून होईपर्यंत गप्प बसायचं, ते सोडून तिने भाचीला फोन केला.

"रिपोर्ट आलाय, पण तो खरा नाही," ती म्हणाली. "माझ्या हातून घोळ झालाय, पाणी पुसल्याचं आठवतच नाही. दुसऱ्याच माणसाचा पापुद्रा तुझ्या बाबाच्या काचेवर गेला. परत कापतेय."

मग भाची हसली. बाप आजारी पडल्यापासून ती असं हसली नव्हती.

"आत्या, तू चुकलीस?"

"चुकले गं."

"अगं, पेढे वाटले पाहिजेत! माझी आत्या चुकली! सगळ्यांना सांगते मी." हसता हसता तिचा आवाज फुटला. "कधी कापतेयस?"

"उद्या."

दुसऱ्या दिवशी आत्याने पाण्याचं भांडं घासून घेतलं, पाणी नवं, पाती नवी, ब्रशसुद्धा नवा. म्हाताऱ्याला तिने त्या टेबलावर येऊच दिलं नाही. त्याची जुनी काच कपाटात होती, रंगासाठी तीच घ्यायची ठरलं. रंगारी साक्षीदार म्हणून शेजारी उभा राहिला, ठोकळ्यावरचा नंबर मोठ्याने वाचला, काचेवरचा वाचला. दादाचा ठोकळा आता पहिल्यापेक्षा जरा कमी झालेला होता. तिने वाफ सोडली, फीत काढली, काचेवर घेतली. मग पुढे दुसरा ठोकळा नसतानाही पाण्यावरून टिपकागद फिरवला, आणि रंगाऱ्याकडे बघून म्हणाली, "पुसलं. बघितलंस ना?"

"बघितलं, आत्या."

रंग चढवायला दीड दिवस गेला. त्या दीड दिवसात भाचीचा चार वेळा फोन आला, आणि चारही वेळा ती दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलली. एकदा तर तिने पाळणा लोखंडी चांगला की लाकडी, असं विचारलं. आत्या म्हणाली, लाकडी.

सरांच्या टेबलावर दोघांना एकाच वेळी बघता येईल असं सूक्ष्मदर्शक होतं. सरांनी काच लावली, आत्याला समोर बसवलं. आधी म्हाताऱ्याची जुनी काच दाखवली, मग दादाची. आत्याने असे मेंदू हजारोंनी कापले होते, पण आत काय दिसतं ते बघायची वेळ तिच्यावर फारशी आली नव्हती. पिवळसर पडद्यावर पेशी पसरलेल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटात कंगव्यात अडकलेल्या केसांसारखा काळा गुंता. सरांनी काच सरकवली. गुंते. आणखी सरकवली. तेच. कुठे कुठे पेशी मरून नाहीशी झाली होती आणि नुसता गुंताच मागे राहिला होता. यांतल्या कुठल्या पेशीत आपल्या नोकरीचा पहिला दिवस होता आणि कुठल्या पेशीत शाळेचं फाटक, असं तिच्या मनात आलं, आणि तिने डोळे बाजूला केले.

सर खालच्या आवाजात म्हणाले, "पहिल्या काचेवरही हेच होते, आत्या. मी दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या, शिरा जागच्या जागी जुळतात. ते तुमचे दादाच होते. तुम्ही पाणी पुसलं होतं." आणि मग त्यांना वाटलं आपण काही तरी बरं बोलावं, म्हणून म्हणाले, "तुमच्या हातून चूक होत नाही."

आत्याने त्यांच्याकडे पाहिलं. सर फार भला माणूस. त्यांना स्वतःचं बोलणं कळलं नव्हतं, आणि तिनेही कळू दिलं नाही.

भाची दुपारी आली. फाटकाशी नाही, थेट आत, मेणाच्या वासाच्या त्या खोलीत. आत्या स्टुलावर बसली होती, यंत्रावर कापड टाकलेलं होतं. भाचीने तिचा चेहरा पाहिला आणि दारातच थांबली. आत्याने आडपडदा ठेवला नाही. तिला ते कधी जमलंच नाही.

"चूक नव्हती झाली," ती म्हणाली. "तुझ्या बाबाचाच होता. रक्तातला आहे. तुझं रक्त तपासावं लागेल. असेल किंवा नसेल, निम्मं निम्मं. मी तुला उगाच फोन केला. हवं तर मला थोबाडीत मार."

भाची हळूहळू आत आली. पाण्याचं भांडं बघितलं, शेजारची टिपकागदांची चवड बघितली. रडली नाही. लहानपणी गणित अडलं की करायची तसा खालचा ओठ दातांत धरून उभी राहिली.

"म्हणजे तू पाणी पुसलं होतंस," ती म्हणाली.

"हो."

"त्याच दिवशी, नेहमीसारखं."

"हो गं."

भाचीने मान वर केली. "मग तुला आठवत का नाही, आत्या?"

बाजूच्या खोलीत रंगारी काचा धूत होता, त्याचा आवाज बंद झाला. आत्याने उत्तर शोधलं. त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हतं, हे उत्तर होतं, चांगलं होतं, खरंही असेल. सत्तावन्नावं लागलं, आजार असता तर एव्हाना दिसला असता, हेही होतं. पण महिन्याभरापूर्वी किल्ल्या फ्रीजमध्ये सापडल्या होत्या, आणि त्या दिवशी तर कोणी मेलं नव्हतं.

भाचीने पुढे होऊन तिचा हात धरला. एकतीस वर्षांत न चुकलेला हात, गार पडलेला.

रक्त घेण्याची खोली तळमजल्यावर होती. दोघी जिना उतरल्या, कोण कोणाला धरून उतरतंय ते कळत नव्हतं. आत एकच खुर्ची होती. परिचारिकेने कागद बघून विचारलं, "कोणाचं घ्यायचंय?"

भाची पुढे झाली, तेवढ्यात आत्याने तिला मागे सारलं आणि स्वतः खुर्चीत बसून बाही वर केली.

"दोघींचं," ती म्हणाली. "आणि पहिलं माझं घ्या. नळ्यांवर नंबर नीट घाला, अदलाबदल करू नका."